कौशल्याच्या हाताच्या मापाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी हातगाडी आहे, असं नागपूरजवळच्या वाडीतल्या या गल्लीत कोणीही तुम्हाला सांगेल. त्यांचं ऐकू नका. माझ्यावर कधी गव्हाचं पोतं असतं, कधी पाण्याची पिंपं असतात, म्हणून लोकांना तसं वाटतं. पण मी तीनचाकी सायकल आहे, हाताने चालवायची. मी माणसासाठी जन्मले, आणि तेही एकाच माणसासाठी.

माझा जन्म एकोणऐंशी सालचा. नागपूरच्या गड्डीगोदाम भागात बाबाराव मिस्त्रींचं टिनाचं दुकान होतं. तिथे रिक्षा दुरुस्त व्हायच्या. एके दिवशी बळीराम नावाचा माणूस आपल्या मुलीला पाठीवर घेऊन दुकानात आला. बळीराम वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात हमाल होते. पोती वाहून वाहून त्यांची पाठ रुंद झाली होती, आणि त्याच पाठीवर त्यांनी कौशल्याला वीस वर्षं वाहिलं होतं. ती दोन वर्षांची असताना ताप आला. ताप गेला, आणि पायांतलं बळ घेऊन गेला.

कडेवरचं लहान मूल बोट दाखवतं, आणि आई तिकडे जाते. पण बावीस वर्षांच्या मुलीने बोट कसं दाखवायचं? बाप थकलेला असतो, भावाला घाई असते. म्हणून कौशल्या बोट दाखवतच नसे. दुपारी ती पाणीसुद्धा पीत नसे. प्यायलं की कोणाला तरी उचलून बाहेर न्यावं लागेल, आणि दुपारी घरात उचलणारं कोणी नसे.

बाबाराव मिस्त्रींनी तिला स्टुलावर बसवलं. शिंपी ब्लाउजचं माप घेतो तसं त्यांनी तिच्या खांद्यापासून मुठीपर्यंत माप घेतलं. किती पुढे वाकता येतं, किती मागे ओढता येतं, तेही पाहिलं. मग ते बळीरामना म्हणाले, "मागून धराले एक दांडा लावून देतो. चढ आला, चिखल आला, तर कोणीबी ढकलून देईल."

"दांडा नका लावू, काका," कौशल्या म्हणाली.

"काहून वं? सगळेच लावतात."

"म्हणूनच नका लावू. दांडा दिसला का लोक धरतात. विचारत नाहीत."

बाबाराव मोठ्याने हसले. "बळीरामभाऊ, ही पोट्टी तुमची वकील होते पाहा!"

"मॅट्रिक झाली आहे," बळीराम म्हणाले. एवढंच म्हणाले, पण छाती फुगवून म्हणाले.

तेव्हा मित्रांनो, माझी पाठ गुळगुळीत पत्र्याची झाली. मागून मला धरायला काही नव्हतं. पुढे, छातीच्या उंचीवर, दोन हातपायडल होते आणि ते बरोबर कौशल्याच्या हातांना येत होते. दुसरा कोणी बसला की त्याचे कोपर माझ्या दांडीला आपटत. मला त्याचं काही वाईट वाटत नसे.

पहिल्या आठवड्यात तिच्या तळहातांना फोड आले. माय, म्हणजे बायजाबाई, त्यांवर हळद लावायची आणि म्हणायची, "आता पुरे कर वं, हात राहतील का तुले?" कौशल्या म्हणायची, "हात आहेत म्हणूनच फोड आले, माय." फोड फुटले, घट्टे पडले, आणि एका सकाळी ती एकटी पोस्टात गेली. पोस्टाला तीन पायऱ्या होत्या. ती खालूनच ओरडली, "एक पोस्टकार्ड द्या हो!" आतला बाबू वैतागून बाहेर आला. तिने कार्ड घेतलं, माझ्यावर बसूनच मावशीला चार ओळी लिहिल्या आणि कार्ड स्वतःच्या हाताने पेटीत टाकलं. घरी आल्यावर ती तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही.

त्यानंतर आम्ही कुठे कुठे गेलो! विहारातल्या वाचनालयात गेलो, शनिवारच्या बाजारात गेलो. काही काम नसलं तर अमरावती रोडच्या कडेला थांबून आम्ही नुसते ट्रक पाहत असू. माझं कौतुक तर इतकं झालं की सांगू नका. शेजारच्या सिंधूताई म्हणायच्या, "बायजाबाई, तुमची कौशल्या आता एक दिवस टॉकीजले निघून जाईल बरं!"

"जाईन ना मावशी. तुम्ही येता का मागं बसून?"

"न्या बाप्पा, पण उलटवू नको मले नालीत!"

मला वाटलं होतं, दुःख येईल ते गंजाच्या रूपाने येईल. अडगळीत पडेन, कोळी जाळं विणतील, असं काहीसं. तसं झालं नाही. मला कोणी विसरलं नाही. मी सगळ्यांच्या उपयोगी पडू लागले, आणि माझं वाटोळं त्यातच झालं.

सुरुवात कौशल्यानेच केली. चक्कीवर दळण आणायला ती स्वतः गेली, मांडीवर डबा ठेवून. किती अभिमान वाटला तिला! मग एकदा नळ गेला, आणि ती झोपली असताना मायने माझ्यावर दोन हंडे ठेवून लांबच्या विहिरीवरून पाणी आणलं. मग राशनचं घासलेट. मग सिंधूताईंचं जळण. पण मला मागून ढकलायचं तर वाकावं लागे, कारण धरायला काही नव्हतं. मायची कंबर दुखू लागली.

कौशल्याचा मोठा भाऊ मनोहर ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करण्याच्या कामावर होता. मनाने फार चांगला माणूस. मायची कंबर दुखते हे त्याला पाहवेना. एका रविवारी तो कौशल्याला म्हणाला, "ऑइलिंग करून आणतो तुझ्या गाडीले." संध्याकाळी मला घेऊन आला तेव्हा माझ्या पाठीवर लोखंडी दांडा होता. वर सायकलच्या दोन रबरी मुठीही बसवल्या होत्या, मायच्या हाताला टोचू नये म्हणून.

कौशल्याने पाहिलं. "हे काय लावलं, दादा?"

"दांडा. माय वाकून वाकून मरून राहिली ना. तुलेबी चढावर कामी येईल."

"मले विचारलं असतं."

"घ्या! आता घरच्या गाडीचं काय विचाराचं?"

तोपर्यंत मी कौशल्याची गाडी होते. त्या दिवशी मी घरची गाडी झाले. घरची गाडी गल्लीची व्हायला फार दिवस लागत नाहीत. सकाळी कौशल्या दारात सरकत यायची आणि अंगण रिकामं असायचं. "आत्ता येते गाडी," माय म्हणायची. मी यायचे, पण वाचनालय बंद झाल्यावर.

आता ऐका, ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात काय झालं.

अमरावती रोडवर एका ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. तिथले मुनीम गणपतराव कौशल्याला रस्त्याने जाता-येता पाहायचे. एके दिवशी त्यांनी हाक मारली. "पोरी, लिहिता येते का तुले?" त्यांनी एक कोरी बिल्टी तिच्यापुढे धरली. ट्रकमध्ये कोणाचा किती माल, कुठून कुठे, हे ज्या कागदावर लिहितात ती बिल्टी. कौशल्याने माझ्या सीटवर बसूनच ती लिहून दिली. गणपतराव चष्मा वर करून पाहतच राहिले.

"छापल्यासारखं अक्षर आहे! काम करशील का? खुर्चीत बसून दिवसभर हेच लिहायचं." मग जरा थांबून म्हणाले, "पण येणं-जाणं कोणाच्या भरवशावर?"

"कोणाच्याच नाही. माझ्या गाडीवर येईन, माझ्या गाडीवर जाईन."

"तेवढं पक्कं पाहिजे बरं का. आधीच्या कारकुनाले त्याचा भाऊ स्कूटरवर सोडाचा. भाऊ आला नाही का कारकूनही नाही. माल भरून ट्रक उभे, आणि बिल्टी लिहाले माणूस नाही. मालकानं दुसऱ्याच्या भरवशाचा माणूस घ्यायचाच नाही असं ठरवलं आहे. सोमवारी दहाले ये. मालक येतात. ते हेच विचारतील."

घरी केवढा आनंद झाला! मायने जांभळं पातळ धुऊन, घडी करून उशीखाली ठेवलं. रविवारी संध्याकाळी कौशल्याने माझी साखळी स्वतः पुसली, तिला तेल दिलं, हवा पाहिली. माझ्या पायडलवर हात ठेवून ती बराच वेळ नुसती बसली. मीही त्या सोमवारची वाट पाहत होते.

सोमवारी पहाटे गल्लीतले रुपराव अंगणात आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. "बळीरामभाऊ, बर्फ आणायचा आहे. गाडी द्या."

"आज पोरीले जायचं आहे गा. दहाले."

"सातले आणून उभी करतो! दोन चकरा फक्त."

गल्लीतलं लग्न, आणि शेजारी दारात उभा. नाही कसं म्हणायचं? बळीराम म्हणाले, "बरं, पण सातलेच." कौशल्या आत अंघोळ करत होती. दार लोटलेलं होतं. एक हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

रुपराव खोटं बोलले नाहीत. सात वाजता त्यांच्या दोन चकरा झाल्या होत्या. मग त्यांच्या मेव्हण्याने पाण्यासाठी एक चक्कर मारली. मग सतरंज्यांची एक. मग बर्फ कमी पडला. प्रत्येकाची एकच चक्कर होती, मित्रांनो. नऊला मनोहर मला शोधत मांडवात आला, तेव्हा मी दूर बर्फाच्या कारखान्यावर उभी होते. पाठीवर लादी, लादीवर गोणपाट, आणि कालच तेल दिलेल्या साखळीवर थंड पाणी ठिबकत होतं.

दुपारी पंगती उठल्यावर रुपरावांनी मला परत आणलं. माझ्या सीटवर बुंदीचा मोठा पुडा होता. "तुमच्या गाडीनं लाज राखली, बळीरामभाऊ!" ते म्हणाले.

सोमवारी दहा वाजता काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी मनोहर अंगणात बापाला सांगत होता ते ऐकलं. तो रागाने लाल झाला होता.

"गाडी नाही सापडली, तं मी म्हटलं, चल, बस खांद्यावर. दीड मैल नेलं बाबा, एकदाबी खाली नाही ठेवलं. दहाच्या ठोक्याले पोचलो. मालकानं विचारलं, कशी आली? मी छातीवर हात ठेवून म्हटलं, साहेब, मी आणली."

"मग?"

"म्हणे, रोज कशी येईल? मी म्हटलं, काळजीच करू नका साहेब, हा भाऊ जिवंत आहे ना! रोज आणीन, रोज नेईन. मालक मुनीमकडे पाहे, मुनीम जमिनीकडे पाहे."

बळीराम हळूच म्हणाले, "तिची गाडी आहे हे सांगितलं नाही का?"

"कौशल्यानं सांगितलं. दोनदा सांगितलं. मालक उठून दारापर्यंत आला, बाहेर पाहिलं, आन् म्हणे, कुठं आहे गाडी?"

बळीरामनी माझ्याकडे पाहिलं. मी अंगणातच होते.

"मग म्हणे, कळवतो. दगड आहे बाबा तो माणूस! इतकं म्हटलं मी, भाऊ रोज खांद्यावर आणतो म्हटलं, तरी पाझर नाही फुटला त्याले."

मनोहरला अजून कळलेलं नव्हतं. बळीरामना कळलं. ते डोक्याचा गमछा काढून खाली बसले. कौशल्या दारात होती. जांभळं पातळ तिने बदललं नव्हतं. भावाच्या खांद्याला घाम आला होता, त्याची ओल पातळावर सुकून तिथे पांढरा डाग पडला होता. तिने भावाला एक शब्द सांगितला नाही. सांगून त्याने दुसरं काय केलं असतं? रडला असता. आणि मग त्याचीच समजूत तिला काढावी लागली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी माय दारात आली. हातात दळणाचा डबा होता. ती माझ्या दांड्याला हात लावणार, तोच थबकली. आत वळून म्हणाली, "कौशल्या, गाडी नेऊ का?"

तीन वर्षांत तिला असं कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं होतं.

"ने ना, माय," कौशल्या म्हणाली. "मले कुठं जायचं आहे?"

मायने हातातल्या डब्याचं झाकण घट्ट केलं. मग डबा माझ्यावर ठेवून चक्कीवर गेली. त्यानंतर मला कोणी विचारून नेलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. कौशल्याच्या हातांवरचे घट्टे वर्षभरात मऊ झाले. दुपारी ती पूर्वीसारखी पुन्हा पाणी पिईनाशी झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना मागतात, आम्हाला पुसा, पावसात ठेवू नका. मला ते मागायचं नाही. पोत्यांसाठी का होईना, माझ्या साखळीला तेल मिळतं. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या गल्लीत माझ्यासारखी एखादी गाडी उभी दिसली, तर ती मोकळी आहे असं समजू नका. तिचा माणूस आत अंघोळ करत असेल, केस विंचरत असेल, त्याला दहा वाजता कुठेतरी पोचायचं असेल. दाराशी जा आणि त्याच्या बापाला, भावाला नाही, त्यालाच विचारा. तो 'नाही' म्हणाला तर रुसू नका. तुमचं पोतं, तुमचं पाणी, तुमचा बर्फ घेऊन दुसरीकडे गाडी शोधायला जा. चालत जा. तुम्हाला पाय आहेत.