पिठाच्या पिशवीने घेतलेली परीक्षा

नवऱ्याने घरीच बनवलेल्या मोटरवर पाळणा सरकू लागला. “खालच्या पट्टीवरच्या रेघा एन्कोडर मोजतो. पाळणा कुठे आहे, ते मोटरला केसभरही न चुकता कळतं. दे बाळाला,” तो म्हणाला.

“आधी पिठाची पिशवी,” मी म्हटलं. पिशवी मजेत झुलली. मग मी वीज गेल्यासारखं बटण बंद करून पुन्हा चालू केलं. पाळणा सुसाट जाऊन टोकाला आदळला आणि पिशवी नवऱ्याच्या अंगावर फुटली.

“वीज गेली की एन्कोडर पाळण्याची जागा विसरतो गं. मग टोक गाठून पहिल्यापासून मोजतो,” पिठाने माखलेला नवरा म्हणाला.

“बापावर गेलाय. न विसरणारा एन्कोडर मिळेपर्यंत पाळणा तूच हलव. तुला निदान पाळणा कुठे आहे ते दिसतं तरी!”

बाळाला मात्र मी खांद्यावरून उतरवलं नाही.