पुढची कोणती

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्याला नऊ दिवस सुट्टी होती आणि चौथ्या दिवशीच भिंगरीच्या तीनही कादंबऱ्या संपल्या.

भिंगरी हे तिचं लहानपणचं नाव. एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षीही तिला शोभणारं. वर्षभर ती मेणात एकेक दात बसवायची, कवळ्या घासायची, चकचकीत करायची. हात चालू असले की डोकं शांत राहायचं. सुट्टीत हात रिकामे, म्हणून वाचनालयातून तिने हाताला लागली ती तीन पुस्तकं उचलली होती. दीपस्तंभावर एकटी राहणारी बाई दीड दिवसात संपली. विहिरीवरून भांडणारे तीन भाऊ दुसऱ्या दिवशी. तिसरी जाडजूड होती. तिच्यातली मुलगी आजारी बापाला सोडून दूर निघून जाते. ती वाचताना भिंगरीचा जीव वरखाली झाला, पण शेवटचं पान उलटलं आणि ती पुन्हा घरभर फिरायला लागली.

वाचनालयही सोमवारपर्यंत बंद.

"तिसऱ्यांदा तेच कपाट पुसतेयस," नवरा म्हणाला. "रंग निघून येईल त्याचा. जा, जरा बाहेर जाऊन ये."

पुस्तकांच्या दुकानात तिने बारा-पंधरा पुस्तकांची पहिली पानं वाचली आणि सगळी परत ठेवली.

"काय शोधताय?" दुकानदाराने विचारलं.

"पुढची कादंबरी."

"कशाच्या पुढची?"

तिने आणखी एक पुस्तक उचललं आणि तेही जागेवर ठेवलं.

"एरवी कशी ठरवता?"

"बहीण सांगायची."

"मग त्यांनाच विचारा," तो म्हणाला. "मला जेवायला जायचंय."

त्या बिचाऱ्याला काय माहीत, बहिणी दोन वर्षं बोलत नव्हत्या. आई गेल्यावर ताईने आईच्या खोल्या रिकाम्या केल्या आणि दोन कपाटं भरून पुस्तकं रद्दीत घातली. भिंगरीला कळलं तेव्हा कपाटंसुद्धा गेली होती. "तुला आई कधी कळलीच नाही," असं ती ताईच्या तोंडावर म्हणाली, आणि तेव्हापासून येणंजाणं बंद.

ती बसमध्ये बसली, दोन थांबे आधीच उतरली, कोपऱ्यापर्यंत गेली, माघारी फिरली, पुन्हा वळली. ताईचं दार उघडंच होतं. ताई चादरींना इस्त्री करत होती. तिने वर पाहिलं.

"चपला बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

भिंगरी आत येऊन उभी राहिली. "पुढची कोणती वाचू, ते विचारायला आलेय."

ताईने चादर उलटली. "काय काय वाचलंस?"

भिंगरीने सांगितलं. तिसरीपाशी इस्त्री थांबली.

"ती वाचलीय मी. त्या पोरीची फारच बाजू घेतलीय त्यात."

"का घेऊ नये? जीव गुदमरत होता तिचा."

"आणि मागे राहिली तिचं काय? औषधं, डॉक्टरकडच्या खेपा, गाद्या उन्हात टाकणं? त्या बहिणीला अख्ख्या पुस्तकात दोन पानं दिलीत."

आता कादंबरीबद्दल कुणीच बोलत नव्हतं.

"मला विचारून टाकायची होतीस पुस्तकं," भिंगरी म्हणाली.

"विचारलं होतं. दोनदा फोन केला. घरमालकाला महिनाअखेर खोल्या हव्या होत्या. मागे तुझं यंत्र घरघरत होतं. म्हणालीस, तुला वाटेल ते कर."

नाही म्हणायला भिंगरीने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. फोन खांद्याने कानाशी दाबून धरलेला, हातात अर्धी घासलेली कवळी, पाठीमागे उभा असलेला कारखान्याचा मालक. सगळं आठवलं.

"म्हणाले होते," ती म्हणाली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. "आणि पुढची मला नाही सांगता येणार. मी कधी सांगत होते? आई सांगायची. वाचून झाली की म्हणायची, ही धाकटीला दे, पण माझं नाव घेऊ नकोस. मी सांगितलं तर मुद्दाम वाचायची नाही ती."

भिंगरीला हसूही आलं आणि रडूही. खरंच वाचली नसती.

"तूसुद्धा तिने सांगितलेल्याच वाचायचीस?"

"मग काय. आई गेल्यावर तुझी ती जाडजूड वाचली, आणि एक स्वतःहून विकत आणली. साठाव्या पानावर अडकून पडलेय. चार महिने झाले."

"बघू."

उशीखालून ताईने पुस्तक काढून दिलं. भिंगरीने बसमध्ये उघडलं. सुरुवात कंटाळवाणीच होती; एक माणूस नुसतं घर शोधत हिंडत होता. पण तिने नेट लावून वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ताईला फोन लावला.

"ऐंशीव्या पानावर त्याची बायको येते. तिथून बरी आहे. भांडकुदळ आहे बाई."

"मग आणून दे परत," ताई म्हणाली. "माझी अर्धी राहिलीय."

"माझं होऊ दे आधी."

"विकत मी आणलीय."

शेवटी भिंगरी पुस्तक घेऊन तिच्याकडे गेली. सुट्टीचे उरलेले दिवस पुस्तक सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे असं चाललं. शेवट मात्र दोघींनाही पटला नाही.