डावं माप, उजवं माप

मित्रांनो, धाकट्याची एक खोड मला पहिल्यापासून खटकते. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की तो आधी तिचा रंग बघतो, मग ती किती चकाकते ते बघतो. ती वापरायची कोणी, हे त्याला सगळ्यात शेवटी सुचतं, तेही कोणी आठवण करून दिली तर. ऑफिसातल्या खुर्च्या त्याने अशाच आणल्या. दिसायला सिंहासन आणि बसायला शिक्षा. त्याची थोरली बहीण गेली कित्येक वर्षं त्या खुर्चीवर उशी ठेवून बसते आणि चकार शब्द काढत नाही. खुर्चीचं निभावून गेलं. पण माझ्या जागी दुसरी निवडायला बसला तेव्हाही या गृहस्थाने तेच केलं. त्याचं काय झालं ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

आधी मी कोण ते ऐका. मी एक जुनी शॉपिंग कार्ट आहे. चाकांची, दुकानात ढकलत न्यायची ती नव्हे. लोक मोबाइलवर नाहीतर संगणकावर दुकान उघडतात, वस्तू निवडतात, आणि पैसे देईपर्यंत ती वस्तू जिच्या पोटात थांबते, ती मी. ताई मला टोपली म्हणायची, म्हणून मीही स्वतःला टोपलीच म्हणते. शिक्षण म्हणाल तर मला फार नाही. वस्तू ठेवून घ्यायची, मोजायची, पत्ता विचारायचा, पैसे आले की पावती काढायची. संपली माझी विद्या. पण जे येतं ते चोख येतं. माझ्या हातून एकाची वस्तू दुसऱ्याच्या दारात गेली असं कोणी दाखवून द्यावं, मी मान खाली घालीन.

माझा जन्म एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत झाला. दोन टेबलं, एक खिडकी, खालून सतत येणारी इस्त्रीची वाफ, आणि त्या वाफेने कायम फुगलेलं दार. ताई आणि धाकटा ही सख्खी भावंडं तिथे बसून इतरांसाठी ऑनलाइन दुकानं बांधून द्यायची. धाकटा गोड बोलून गिऱ्हाइकं आणायचा आणि ताई मान मोडून काम करायची. त्या काळी तयार मिळणाऱ्या टोपल्या ताईला पसंत पडेनात. एकीला पत्ता नीट लिहिता येत नव्हता, दुसरी भरलेला माल मध्येच विसरायची. शेवटी ताईने मला स्वतःच लिहायला घेतलं, ओळीमागून ओळ, हिवाळाभर, खांद्यावर शाल घेऊन.

जीभही तिनेच दिली मला. कोणी अर्धा पत्ता लिहिला की मी पडद्यावर विचारायची, ‘पत्ता अर्धाच दिलात, वस्तू काय अर्ध्या वाटेत ठेवून येऊ?’ धाकट्याला हे उद्धट वाटायचं. गिऱ्हाइकांना मात्र हसू यायचं आणि ती मुकाट्याने पत्ता पूर्ण करायची. ही बोली ताईने आपल्या आईची उचलली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून धाकटा फार ताणत नसे.

मी पुष्कळ दुकानं सांभाळली. मेणबत्त्यांचं, सायकलच्या सुट्या भागांचं, वाद्यांच्या तारांचं. पण माझा जीव खरा जडला तो बूटवाल्या काकांच्या दुकानावर.

मित्रांनो, सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे नसतात. कोणाचा एक पाय जन्मापासून लहान असतो, कोणाचा आजारात वाळतो, कोणाचा अपघातानंतर तसाच आखडून राहतो. अशी माणसं बुटांच्या दुकानात गेली की त्यांना एकाच मापाचा जोड मिळतो. मग मोठ्या बुटात कापडाचा बोळा घालायचा आणि चालायचं. बूटवाले काका अशा माणसांसाठी डावा बूट एका मापाचा आणि उजवा दुसऱ्या मापाचा करून द्यायचे. त्यांचं कारखाना म्हणावं असं काही नव्हतं. एक अरुंद गाळा, चामड्याचा आणि डिंकाचा वास, आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेली लाकडी पावलं. त्या लाकडी पावलाला कलबूत म्हणतात, त्याच्यावर चढवून बूट शिवतात. काका तोंडाने फटकळ. कोणी म्हणालं, लवकर करून द्या, की ते म्हणायचे, तुम्ही सावकाश चालता म्हणून तर माझ्याकडे आलात, आता घाई कसली. असं बोलणं दुसऱ्या कोणाचं खपलं नसतं. त्यांचं खपायचं, कारण तो जोड पायात घातल्यावर माणूस पहिल्यांदा खाली न बघता चालायचा.

ताई त्यांच्या गाळ्यात एक अख्खी दुपार बसून आली आणि परतल्यावर तिने माझ्यात दोन खण केले. एक डाव्या मापाचा, एक उजव्या मापाचा. दोन्ही भरल्याशिवाय मी कोणाला पुढे सोडत नसे. मग काकांकडे पावती निघायची, तिच्यावर दोन आकडे ठळक. काका ती पावती कापून कलबुताच्या जोडीला बांधायचे आणि खिळ्याला टांगायचे. त्यांचं सगळं काम त्या चिठोऱ्यावर चालायचं. संगणकाकडे ते पावती निघण्यापुरतं बघायचे, एरवी त्याच्यावर टोपी अडकवून ठेवायचे.

असे दिवस गेले आणि मी म्हातारी झाले. खोटं कशाला बोलू? मोबाइलच्या लहान पडद्यावर माझं ‘पुढे’ म्हणायचं बटण कडेबाहेर जायला लागलं. पैसे घेण्याच्या नव्या पद्धती मला कळेनात. माझी डागडुजी फक्त ताईला यायची आणि ताईच्या डोक्यावर दहा कामं. सायकलच्या भागांचा दुकानदार धाकट्याला तोंडावर म्हणाला की तुमची टोपली माझ्या आजीच्या वयाची दिसते. आजीला नावं ठेवणारा हा कोण, हे मला विचारता आलं नाही.

धाकट्याने ठरवलं, सगळ्या दुकानांना एकच नवी टोपली लावायची. त्याने तीन निवडून काढल्या. पहिली भाड्याची, म्हणजे घर दुसऱ्याचं आणि नियमही त्यांचे. दुसरी फुकटची, पण तिला दार-खिडक्यासुद्धा आपणच आणून बसवायच्या. तिसरी दोन्हींच्या मधली, दिसायला देखणी, मोबाइलवर मऊ लोण्यासारखी सरकणारी. तिन्हींबरोबर सरावासाठी खोटा माल येतो, शर्ट आणि कप. धाकट्याने तिन्हींत शर्ट टाकले, कप टाकले, खोटे पैसे भरले. तिसरीत सगळं झरझर झालं आणि त्याचा चेहरा खुलला. मी टेबलाखालच्या जुन्या संगणकात बसून हे सगळं ऐकत होते.

ताई म्हणाली, “काकांचा एक जोड टाकून बघ ना तिच्यात.”

“शर्ट जातो तर बूट का नाही जाणार?” धाकटा म्हणाला. “तुझा जीव त्या जुन्या टोपलीत अडकलाय, ताई. कबूल कर.”

इथेच सगळं बिघडलं. ताई गप्प झाली. आपलंच लेकरू म्हणून ही बाजू घेते, असं दिसेल याची तिला लाज वाटली. काकांचं एकट्याचं दुकान जुन्या टोपलीवर राहू दे, एवढं तिने नंतर एकदा हळूच सुचवलं. धाकट्याने एकच टोपली, एकच डोकेदुखी, असं म्हणून हसण्यावारी नेलं. ती पुन्हा बोलली नाही. बोलायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर त्याचा कान धरून त्याला काकांच्या गाळ्यात नेऊन बसवलं असतं.

तिसरीच ठरली. जुना माल तिच्यात हलवायची वेळ आली तेव्हा कळलं की नव्या टोपलीत मापाचा खण एकच आहे. धाकट्याने डाव्या मापाला तो खण दिला. उजव्या मापासाठी त्याने खाली टीप लिहायची जागा ठेवली आणि बाजूला सूचना टाकली की उजवं माप वेगळं असल्यास इथे लिहावं. लोकांनी इमानेइतबारे लिहिलंही. पण ती टीप पावतीवर छापली जात नव्हती. संगणकात एक पान उघडलं तर दिसायची, आणि काकांच्या संगणकावर तर टोपी अडकवलेली.

आता पुढचं ऐका, कारण इथे माझा जीव तुटतो. काकांच्या हातात एका आकड्याच्या पावत्या पडायला लागल्या. एक, मग दुसरी, मग रोजच. दुसरा कोणी असता तर त्याला संशय आला असता. काकांना आनंद झाला. त्यांना वाटलं, आता सारख्या पायांची माणसंसुद्धा आपल्याकडे यायला लागली. इतकी वर्षं लोक त्यांच्याकडे नाइलाज म्हणून यायचे. आता कोणी हौसेने येतंय, नुसती शिलाई आवडली म्हणून येतंय, असं त्यांना वाटलं. ते मुद्दाम जिना चढून ऑफिसात आले, ते फुगलेलं दार खांद्याने ढकलत. धाकट्याला म्हणाले, तुमची नवी टोपली पायगुणाची निघाली हो. धाकट्याने ती शाबासकी हसत घेतली. ताईनेही मान डोलावली. आपलं चुकलं असेल, नवी खरंच चांगली असेल, असं तिला त्या दिवशी वाटलं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

काकांनी जीव ओतून ते जोड शिवले. दोन्ही बूट एका मापाचे.

जोड परत यायला लागले तेव्हा एकदम आले. चिडलेल्या माणसांचं काकांना काही वाटलं नाही. चिडलेल्याला चार शब्द ऐकवून नवा जोड करून देणं त्यांना जमलं असतं. त्यांना मोडलं ते एका बाईच्या फोनने. तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या दोन्ही पायांच्या मापांचा जोड मागवला होता. किती तरी दिवस वाट पाहिली होती. ती रागावली नाही. म्हणाली, परत पाठवत नाही, उगाच तुम्हाला त्रास. मला सवय आहे, मी बोळा घालून वापरीन.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा तो जिना चढून आले. उभेच राहिले, बसले नाहीत. धाकट्याने एव्हाना चूक शोधली होती. तो भराभर सांगायला लागला की नव्या टोपलीला एक जोडभाग मिळतो, तो लावला की दोन मापं घेता येतील, दोन दिवसांत करून देतो. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माझ्या हातच्या बुटात बाई बोळा घालणार आहे,” ते म्हणाले. “दुकान उतरवा.”

ताई उठून त्यांच्याजवळ गेली, त्यांना काका म्हणून हाक मारली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते जिना उतरले. आता ते त्याच गाळ्यात छत्र्या आणि बॅगांच्या चेन दुरुस्त करतात, असं ताई परवा कोणाला तरी सांगत होती. कलबुतं त्यांनी भिंतीवरून काढली.

त्या दिवशी धाकट्याने काकांचं दुकान बंद केलं. जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणाकोणाकडे चुकीचे जोड गेले असतील ते त्यांच्या जुन्या मापांशी ताडून बघायला त्याने मलाही उघडलं. माझ्यात सगळी मापं होती, डावी आणि उजवी, जिथल्या तिथे. ती त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग ताईकडे न बघता म्हणाला, “टोपली चुकीची निवडली गेली.”

निवडली गेली म्हणे. जणू वाऱ्याने निवडली.

मित्रांनो, मी आता टेबलाखालच्या धुळीत पडून आहे. उद्या हा संगणक भंगारात जाईल आणि मीही जाईन. त्याचं मला दुःख नाही. म्हाताऱ्यांनी जागा सोडावीच. तुम्हीही मोठे झालात की कोणासाठी काही ना काही निवडाल, दुकान, दप्तर, औषध, रस्ता. तेव्हा खोटा माल टाकून बघू नका. ज्याच्यासाठी निवडता त्याचीच वस्तू आत टाकून बघा, त्याच्या शेजारी एक दुपार बसून बघा. आणि बाजूला कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर ते का गप्प आहे ते विचारा.

धाकट्याला मात्र मी तिथल्या तिथे सुनावलं. त्याला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. “गधड्या, त्या टोपलीला बोल लावू नकोस, तिने तू सांगितलंस तेवढंच केलं. तुझे दोन्ही पाय सारखे आहेत हे तुझं नशीब होतं. तू त्याला अक्कल समजलास.”