चार केक आणि एक रुग्णवाहिका

मी एक जुना प्रॉक्सी आहे, मित्रांनो! नाव परके वाटले तरी काम साधे आहे. तुमचा निरोप घ्यायचा, आतल्या यंत्राला द्यायचा आणि आलेले उत्तर तुमच्या हाती ठेवायचे. एका वेब सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये माझे घर आहे. ते कुणीही फुकट वापरावे, उघडून बघावे, दुरुस्त करावे.

मला घडवणाऱ्या प्रोग्रॅमर ताईने माझा कोड जेवणाच्या टेबलावर लिहिला, एका हाताने बाळाला थोपटत. आतून उत्तर आले नाही तर गप्प बसायचे नाही, तोच निरोप शेजारच्या यंत्राला द्यायचा, ही शिकवण तिचीच. या चिकाटीचे लोकांनी फार कौतुक केले आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

मग एक दिवस एका बेकरीवाल्याची प्रोग्रॅमर मुलगी या सॉफ्टवेअरबद्दल इंटरनेटवर चालणाऱ्या आमच्या चर्चेत तणतणत आली. तिने लिहिले, “यंत्राने ऑर्डर घेतलेली असते, फक्त उत्तर उशिरा येतं. तेवढ्यात तुमचा हा प्रॉक्सी तीच ऑर्डर एकामागून एक पुढच्या यंत्रांना देऊन मोकळा! बाबांनी एका वाढदिवसाला चार केक केले. घरात दोन्ही वेळा केकच खातोय आम्ही. मोडा ही खोड!”

चर्चा पेटली. कुणी म्हणाले मोडा, कुणी म्हणाले जुन्या सवयीला हात लावू नका. माझ्या स्वभावावर एवढा खल, आणि मला विचारतो कोण!

तेवढ्यात माझ्यामार्फतच निरोप देऊन रुग्णवाहिका पाठवण्याचे काम करणाऱ्या एका नर्सबाईंनी लिहिले, “दोन गाड्या आल्या तर एक परत पाठवता येते हो. पण निरोप पोचलाच नाही आणि एकही नाही आली तर मी पेशंटच्या आईला काय सांगू?”

ताईने दोघींचे निरोप पुन्हा पुन्हा वाचले.

शेवटी ताईने लिहिले, “दोघींचंही खरं आहे. नुसती माहिती विचारायची असेल, तर तो पुन्हा विचारेल. पण काही करायला सांगणारा निरोप आपणहून पुन्हा देणार नाही. उत्तर आलं नाही, असं स्पष्ट सांगेल. जुनी सवय हवी असेल त्यांच्यासाठी एक बटण ठेवू.”

“आणि नर्सबाईंना ते बटण सापडलं नाही तर?” हा प्रश्न बेकरीवाल्याच्या मुलीचा होता. “थांबा, आधी मी त्यांच्याकडे जाऊन येते.”

ती खरोखरच गेली. नर्सबाईंच्या शेजारी बसून तिने माझ्या चाचणीपुरत्या नव्या रूपात ते बटण चालू केले, मुद्दाम एक यंत्र बंद ठेवले आणि निरोप पाठवला. मी धावत दुसऱ्या यंत्राकडे गेलो. खोलीत घंटा वाजली.

“पोचला गं बाई!” नर्सबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला. त्यानंतरच माझी नवी आवृत्ती बाहेर पडली.

मित्रांनो, आता मी बहुतेक ठिकाणी ‘उत्तर आले नाही’ असे खरे सांगतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. जुन्या वस्तू खुशाल बदला. मात्र त्यांच्या भरवशावर कुणी निर्धास्त बसले असेल, तर बदलण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाऊन या.