रविवारची पाळी

अस्क नदीकाठच्या त्या वेल्श गावात ‘काळा बैल’ खाणावळीच्या मटणाबद्दल जेवढं बोललं जायचं, तेवढंच पूट आणि कादनोबद्दल. हे दोघे खाणावळीचे कुत्रे. लांब धड, आखूड आणि बाहेर वाकलेले पाय, आणि आपल्याला कोणीतरी फसवणार आहे असा कायमचा चेहरा.

चुलाणाच्या बाजूला भिंतीवर, माणसाच्या डोक्याहून उंच, एक पोकळ लाकडी चाक बसवलेलं होतं. कुत्रा आत चालू लागला की चाक फिरायचं, चाकावरचा दोर जाळासमोरची सळई फिरवायचा, आणि सळईवरचं मटण सगळ्या बाजूंनी सारखं भाजायचं. चाक जाळापासून मुद्दाम दूर ठेवलेलं होतं. कुत्र्याचीही दया, आणि शिवाय धापा टाकणारा कुत्रा समान वेगाने चालत नाही.

एक दिवस पूटचा, एक दिवस कादनोचा. हा नियम माणसांनी केला की कुत्र्यांनी, हे आता कोणाला आठवत नव्हतं; पाळायचे मात्र कुत्रेच. पाळी नसताना पूटला चाकात घातलं तर तो खाली बसायचा आणि चाक झोपाळ्यासारखं थोडं मागे-पुढे हलून थांबायचं. मग हाक मारा, आमिष दाखवा, तो भिंतीकडे बघत राहायचा. पाद्रीबाबा एखादा सण विसरतील, पण पूट आपली पाळी विसरणार नाही, असं गावात म्हणत.

स्वयंपाकघर लाउरीचं होतं. ती रॉसरच्या वडिलांच्या काळापासून तिथे होती. खाणावळीचा मालक झाल्यावरही रॉसर तिला मावशी म्हणायचा आणि ती त्याला रॉसर. ती ‘मालक’ म्हणाली की समजायचं, बाई चिडली आहे.

त्या शरद ऋतूत ती त्याला वारंवार मालक म्हणू लागली होती. कारण रॉसर हेरेफर्डला जाऊन एक यंत्र बघून आला होता. वजन बांधलेली दोरी, दातेरी चाकं, एक किल्ली. किल्ली फिरवली की वजन हळूहळू खाली येतं आणि सळई आपोआप फिरते. नवं लग्न ठरलेल्या पोराने बोलावं तसा तो त्या यंत्राबद्दल बोलायचा. ते खात नाही, भुंकत नाही, गिऱ्हाइकांच्या पायात येत नाही. लाउरीने विचारलं की मग या दोघांचं काय करायचं. रॉसर इकडेतिकडे बघू लागला. काम गेलेल्या चाकाच्या कुत्र्याला कोणी दाराशी बांधत नाही. त्याला रखवाली येत नाही, शिकार येत नाही. अशांना पोत्यात घालून नदीवर नेतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

शेवटी असं ठरलं की निकाल मटणच देईल. नवे न्यायाधीश हॅवर्डसाहेब गावात राहायला आले होते आणि रॉसरने त्यांना रविवारी, चर्च सुटल्यावर, जेवायला बोलावलं होतं. मेंढीची अख्खी पाठ कुत्र्यांच्या चाकावर नीट भाजली गेली तर कुत्रे राहतील. नाही तर सोमवारी यंत्र येईल.

लाउरीने मनाशी हिशेब केला. शनिवारी कादनो चालला होता, म्हणजे रविवारी पूट. दोघांमध्ये पूटची चाल जास्त सरळ. तिला बरं वाटलं.

रविवारी सकाळी जाळ चांगला धरल्यावर तिने पूटला चाकात ठेवलं. तो चालू लागला. मटणातून चरबी ताटात ठिबकू लागली आणि लाउरी पळीने ती पुन्हा वर सोडू लागली. रॉसर चर्चचा कोट घालून दारात उभा होता, आणि सगळं इतकं छान चाललेलं बघून थोडा नाराज होता.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

पूट थांबला. त्याने कान वर केले, घंटा ऐकली, आणि चाकातून फळीवर, फळीवरून बाकावर, बाकावरून जमिनीवर असा शिस्तीत उतरला. दाराशी कादनो त्याची वाट बघतच होता. दोघे रॉसरच्या पायांमधून बाहेर पडले आणि चर्चच्या रस्त्याला लागले.

लाउरी पळी हातात धरून उभी राहिली. या खाणावळीत रविवारी सळई कधी फिरलीच नव्हती. रविवारी शिळं मटण आणि रस्सा, आणि कुत्रे चर्चमध्ये. तिथली फरशी बर्फासारखी. म्हणून गावातले सगळे चाकाचे कुत्रे बाकांखाली मालकांच्या पायांवर झोपायचे. एका आड एक दिवस मोजताना लाउरीने रविवारही मोजला होता. तो दिवस ना पूटचा होता ना कादनोचा.

“यंत्राला घंटा ऐकू येत नाही,” रॉसर म्हणाला.

“मालक, कोट काढा. सळईच्या टोकाला हँडल आहे.”

“मी? अख्खं गाव मला चर्चमध्ये शोधेल.”

“मी तिकडेच चालले आहे. कोणी विचारलं तर सांगेन, आज मालकांची पाळी आहे.”

मटण थांबलं तर एका बाजूने कोळसा होणार होतं, त्यामुळे वाद घालायला वेळ नव्हता. रॉसरने कोट काढला.

लाउरी चर्चमध्ये पोचली तेव्हा प्रवचन सुरू झालं होतं. खाणावळीचं बाक पुढून दुसरं. तिथे रॉसरची आई, थोरल्या नेस्टबाई, ताठ बसल्या होत्या आणि पूट त्यांच्या दोन्ही पावलांवर आडवा पसरला होता. शेजारी रॉसरच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हॅवर्डसाहेबांना बसवलं होतं. साहेबांच्या पायात रेशमी मोजे आणि पातळ बूट. दर रविवारी त्या जागी रॉसरचे पाय असायचे, म्हणून कादनो तिथेच झोपला होता. वरचा माणूस बदलला हे त्याने मनावर घेतलं नव्हतं.

लाउरी ओणवी होऊन बाकाजवळ गेली आणि नेस्टबाईंच्या कानाशी सगळी हकीकत कुजबुजली. मटण, पैज, पोतं, नदी.

“सहा दिवस ते तुझे,” नेस्टबाई ओठ न हलवता म्हणाल्या. “आज माझे.”

“थोरल्या बाई, सोमवारपासून कोणाचेच नसतील.”

“तू जाळापाशी उभी असतेस, तुला काय कळणार. जरा बस या दगडावर, मग सांग.”

लाउरीने मग कादनोच्या मानेकडे हात नेला. हॅवर्डसाहेबांची नजर पाद्रीबाबांवरच होती; त्यांनी फक्त दोन्ही बूट हळूच जवळ आणले आणि कादनोला मधे दाबून धरलं. कादनोने डोळा उघडून लाउरीला ओळखलं आणि पुन्हा मिटला. न्यायाधीशांच्या पायाखालचा कुत्रा ओढून काढायची हिंमत तिला झाली नाही. ती हात हलवत परत आली.

रॉसरचे केस कपाळाला चिकटले होते. आधी तो फार जोरात फिरवत होता, मग दमून फार हळू, आणि मधे एकदा कपाळ पुसायला पूर्ण थांबला होता. त्या एका थांबण्याची खूण मटणावर काळी उमटली होती.

“कुत्रा हे दिवसभर कसं करतो?” त्याने विचारलं.

“काम करताना तो बोलत नाही,” लाउरी म्हणाली आणि चरबीची पळी उचलली.

जेवणाच्या वेळी मटण ताटात आलं ते एका अंगाने काळं आणि दुसऱ्या अंगाने गुलाबी. हॅवर्डसाहेबांनी मधला भाग शोधला आणि सभ्यपणे बराच वेळ चावला. रॉसर माफी मागत होता. कुत्र्यांचा भरवसा नाही, साहेब, उद्यापासून त्यांना रजा. नवं यंत्र आणतो आहे. लाउरी रस्सा घेऊन दारातच थांबली. पैज ती हरली होती, आणि चूक कुत्र्यांची नसून तिच्या मोजण्याची होती, हे आता सांगूनही काही उपयोग नव्हता. तरी तिने ते सांगितलं.

साहेब घास गिळून म्हणाले, “चर्चमध्ये माझ्या पायांवर होता तो तांबूस कुत्रा इथलाच? या मुलखात आल्यापासून आज पहिल्यांदा माझी बोटं मला जाणवली. रजाच देताय, तर तो मला द्या.”

रॉसर हो म्हणायला तोंड उघडत होता. लाउरीने रस्सा टेबलावर ठेवला.

“न्या साहेब, पण एकट्याला नेऊ नका,” ती म्हणाली. “आज तो तुमचे पाय शेकेल. उद्या म्हणेल, आता दुसऱ्याची पाळी, आणि दुसरा दिसेपर्यंत उठणार नाही. तुम्ही दरडावाल, तो भिंतीकडे बघेल.”

“मग दोघांना देतो,” रॉसर म्हणाला.

“एक माझ्या पायांवरचा आहे,” टेबलाच्या टोकाकडून नेस्टबाई म्हणाल्या. एवढं बोलून त्या पुन्हा मटणाचा गुलाबी भाग बाजूला सारू लागल्या.

साहेबांनी प्रकरणाचा विचार केला. दोन्ही कुत्रे वेगळे करता येत नव्हते, दोन्ही नेता येत नव्हते. त्यांनी विचारलं की दर रविवारी खाणावळीच्या बाकावर त्यांना तीच जागा मिळेल का, आणि नंतर इथेच जेवण. रॉसरच्या चेहऱ्यावर दर रविवारचं न्यायाधीशांचं जेवण आणि त्यांच्या मागून येणारी गावातली बडी मंडळी स्पष्ट दिसू लागली.

“साहेब, जागाही तुमची आणि कुत्राही तिथलाच,” तो म्हणाला. मग दचकला. “पण रविवारी सळई कोण फिरवणार?”

“शिळं वाढ,” नेस्टबाई म्हणाल्या.

साहेबांनी आपल्यापुरतं हळूच सांगितलं की आपल्याला शिळं चालत नाही.

तेव्हा लाउरी म्हणाली की यंत्र आणायला तिची हरकत नाही. पलीकडच्या भिंतीवर लावा, रविवारपुरतं. बाकीचे सहा दिवस चाक जिथे आहे तिथेच राहील आणि चाकाचे मालकही. रॉसरने आईकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि मान हलवली. नेस्टबाईंनी एवढंच विचारलं की रविवारी काम केल्याचं लोखंडाला पाप लागत नाही का. रॉसर म्हणाला, त्याला आत्मा नसतो, आई.

“किल्ली फिरवणाऱ्याला असतो,” त्या म्हणाल्या. “ती कोण फिरवणार?”

लाउरी रिकामी वाटी उचलत होती.

“रॉसर फिरवेल,” ती म्हणाली. “आज हात बराच बसलाय त्याचा.”

चुलाणापाशी पूट आणि कादनो पाठीला पाठ लावून झोपले होते. त्या दिवशी अजून चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना बाकी होती.