पत्र्याखालची फळी

मित्रांनो, बपेरा गावच्या मधुकररावांच्या घरी माळ्याला सोळा सागवानी फळ्या होत्या. त्यांतली भिंतीलगतची म्हातारी फळी म्हणजे मी. मधुकररावांच्या आजोबांनी स्वतः उभं राहून आम्हांला रंधा मारून घेतला होता. साठ-सत्तर वर्षं आम्ही धानाची पोती अंगावर घेतली. पाहुणे पाय आपटून बघत आणि म्हणत, "काय मजबूत लाकूड हाये!" मी फुशारून जात असे. खोटं कशाला सांगू?

मग एका पावसाळ्यात वरचं कौल सरकलं. पाणी ठिबकत राहिलं, माझं भिंतीतलं टोक कुजलं, त्याला भोक पडलं आणि वाळवीनं तिथे बिऱ्हाड थाटलं. पाय पडला की मी करकरू लागले. दुसरं मला काय येतं?

ताराचंद मिस्त्री आले. पटाशीनं टोचून म्हणाले, "भाऊ, टोक सडलं. फळी काढा, उन्हात वाळू द्या. सडकं कापून, खाली टेका देऊन बसवून देतो."

"धान घरात येऊ दे, मंग करू," मधुकरराव म्हणाले.

दिवाळी आधी आली. भोक उघडं ठेवून लक्ष्मीपूजन कसं करायचं? मधुकररावांच्या पत्नी कुंताबाईंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून माझ्या टोकावर ठोकला आणि वरून शेणामातीनं जाड सारवलं. "पहा, कसं साजरं दिसून राहिलं," त्या हसून म्हणाल्या. पत्र्याखाली ओल कोंडली.

"आई, इथं आवाज येऊन राहिला," सून रुचिका म्हणाली.

"सारवण वाळलं का बसते तो."

धान माळ्यावर चढलं. त्याच आठवड्यात कुंताबाई बियाण्याचं पोतं पाहायला वर आल्या आणि पाय नेमका पत्र्यावर पडला. मी सगळा जीव लावून धरलं. नाही धरवलं. त्या खाली पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. महिन्यानं त्या भंडाऱ्याच्या दवाखान्यातून काठी घेऊन परतल्या.

"मीच म्हटलो, धान येऊ दे," मधुकरराव म्हणाले.

माळा निघाला, त्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकला. बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या. माझ्या उरलेल्या तुकड्याला चार पाय ठोकून चौरंग केला. कुंताबाईंना आता खाली बसता येत नाही. त्या रोज न्हाणीत माझ्यावर बसून आंघोळ करतात. पाणी माझ्यात मुरतं. पाय ठोकले तिथे मी पुन्हा मऊ पडू लागले आहे, आणि भिजून भिजून आता करकरही निघत नाही. ताराचंदांना दाखवावं असं कोणाच्या मनात येत नाही. आलं तरी आता वाळवून कापण्याजोगं माझ्यात फारसं उरलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी लाकूड करकरलं तर ते झाकू नका. माझं जाऊ द्या. मला फोडा, चुलीत घाला, काहीही करा. पण उद्या सकाळी कुंताबाईंचं पाणी तापायच्या आत कुणीतरी मला त्या न्हाणीतून बाहेर काढा.