समासातला शब्द

पुस्तक गुरुजींच्या हातात गेलं, त्यांनी चष्मा पुसून नाकावर चढवला, आणि तेव्हा कुठे प्रूफबाईंना आठवलं की एकशे बाराव्या पानावर आपण काय लिहून बसलो आहोत.

समोरच्या खुर्चीत त्यांची भाची बसली होती. मांडीवर गुंडाळलेला कागद, चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघाल्याचा आनंद. तिनंच सकाळी पुस्तक पिशवीत टाकलं होतं आणि तिनंच ते आणून गुरुजींना दिलं होतं.

वाचकमंडळाची रीत ठरलेली. महिन्याला एकच पुस्तक घ्यायचं आणि ते घरोघर फिरवायचं. वाचताना मनात येईल ते पेन्सिलीनं समासात लिहायचं, नाव घालायचं नाही. मग शेवटच्या रविवारी चार वाजता ग्रंथालयाच्या माडीवर जमायचं. गुरुजी पानामागून पान उलटत सगळे शेरे मोठ्यानं वाचणार, बाकीच्यांनी ते कोणाचे हे ओळखायचं आणि त्यावरून यथेच्छ भांडायचं. सभा संपेपर्यंत पुस्तकाला गुरुजींखेरीज कोणी बोट लावायचं नाही. शाळा सुटून बारा वर्षं झाली तरी गुरुजींची छडी सुटली नव्हती, ती आता अशा नियमांतून चालायची.

प्रूफबाईंचे शेरे ओळखायला डोकं चालवावं लागत नसे. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई ती. लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी चुका शोधणार, मग तारीख बघणार. बाकीचे समासात मतं लिहीत, या मजकुरावर काट मारून दुरुस्ती लिहीत. या महिन्यात पुस्तक फिरत फिरत सगळ्यांत शेवटी त्यांच्याकडे आलं. काल दुपारी शेवटची शंभर पानं त्यांनी घाईघाईत संपवली. डोळे पुढे पळत होते आणि हात सवयीनं आपलं काम करत होता.

एकशे बाराव्या पानावर छापलं होतं, ‘दाराला आतून कडी होती.’ त्यांनी ‘आतून’वर काट मारली होती आणि समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘बाहेरून’.

आणि ते खरं होतं, हीच तर सगळी पंचाईत.

भाची दोन वर्षांची असताना तिची आई, म्हणजे प्रूफबाईंची वहिनी, मागच्या स्वयंपाकखोलीत स्टोव्ह भडकून धुरात गुदमरून गेली. आतून कडी होती, घाबरलेल्या बाईला ती काढता आली नाही, असं घरानं जगाला सांगितलं. भाचीलाही तेच सांगितलं. कडी बाहेरून होती. ती घातली होती सोळा वर्षांच्या नणंदेनं. सून माहेरी निघून जाईल या धास्तीनं आई रोज दुपारी आडवी होताना सांगायची, “कडी घाल गं मागची,” आणि ही निमूट घालायची. त्या दिवशी घातली आणि शेजारी मैत्रिणीकडे पत्ते खेळायला गेली. आरडाओरडा ऐकू आला तेव्हा ती डाव जिंकत आली होती. दादानं पुढे हाय खाल्ली आणि सात वर्षांत तोही गेला. आई गेली. आता जगात हे ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं. त्या माणसानं लग्न केलं नाही, छापखान्यात डोळे फोडले आणि भाचीला पोटच्या पोरीसारखं वाढवलं. ती पोर हातची गेली, तर प्रूफबाईंकडे आपलं म्हणायला दुसरं काही नव्हतं.

शेजारची ती मैत्रीण विसाव्या वर्षी लग्न होऊन सातासमुद्रापार गेली आणि लेखिका झाली. आज ज्या कादंबरीवर सभा होती ती तिचीच, आणि तिच्यातली ती धुराची दुपारही हीच. हेही प्रूफबाईंनी इथे कोणाला सांगितलेलं नव्हतं.

“पान सात,” गुरुजी म्हणाले. “शेरा असा. ‘बाई तिकडे बसून इकडची धुणी धुतात.’ कोण?”

“दंतवैद्य!” बेकरीवाल्या काकू आणि भाची एकदमच म्हणाल्या.

“मीच,” दंतवैद्य म्हणाला. “अडतीस वर्षं झाली जाऊन. लिहिते तिकडच्या भाषेत, आपण वाचायचं भाषांतर. आणि लिहिते काय, तर रडकी सून, खाष्ट सासू, काळोखी खोली. तिकडच्यांना हेच हवं असतं. लगेच डोळ्यांना रुमाल लावतात.”

“मग तुम्ही लिहा की,” काकू म्हणाल्या. “तुम्ही इथेच आहात. रोज चाळीस तोंडं उघडून बघता.”

“तोंडात कादंबरी नसते हो, कीड असते.”

सगळे हसले. प्रूफबाईही हसल्या, पण त्यांचं लक्ष गुरुजींच्या अंगठ्याकडे होतं. अंगठा पान उचलत होता, सरकवत होता. पंधरा. एकवीस. अठ्ठावीस.

चाळिसाव्या पानावर बसथांब्याजवळच्या झाडावरून खडाजंगी झाली. दंतवैद्यानं लिहिलं होतं की ते झाड तोडून पंचवीस वर्षं झाली आणि बाईंना पत्ताच नाही. काकूंनी खाली लिहिलं होतं, ‘तिच्यापुरतं ते उभंच आहे.’ गुरुजींना हा शेरा फार आवडला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि लांब गेलेल्या माणसाची आठवण कशी जागच्या जागी थिजते यावर छोटंसं व्याख्यान दिलं.

“म्हणूनच तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही,” दंतवैद्य म्हणाला. “निम्मं आठवतं, निम्मं मनचं घालते.”

“मला उलट वाटतं,” भाची म्हणाली. ती वास्तुरचनाकाराच्या कचेरीत नकाशे काढायची. मांडीवरचा कागद तिनं टेबलावर पसरला. “ही गंमत बघा. पुस्तकातल्या वर्णनावरून मी या घराचा नकाशा काढलाय. किती पावलं, खिडकी कुठल्या हाताला, सगळं तिनं दिलंय. आणि सगळं जुळतं! एवढं नेमकं मनचं सांगता येत नाही. हे घर कुठेतरी खरोखर होतं.”

प्रूफबाईंनी वाकून पाहिलं. पुढची खोली, बोळ, मागची स्वयंपाकखोली, तिची उंचावरची एवढीशी खिडकी. भाचीनं हे घर जाणत्या वयात पाहिलंच नव्हतं. वहिनी गेल्यावर वर्षाच्या आत त्यांनी ते सोडलं होतं. आता तिनं स्वतःच्या आईची खोली तिच्या नकळत रेघ न रेघ काढून समोर ठेवली होती.

“एकच घोळ सुटत नव्हता, दाराचा,” भाची म्हणाली. “ते पान आलं की सांगते.” आणि तिनं आत्याकडे बघून डोळे मिचकावले.

ते डोळे मिचकावणं प्रूफबाईंना कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून ते जास्तच झोंबलं. पोरीच्या मनात काय आहे? परवाच जेवताना ती म्हणाली होती, “आत्या, हे वाचताना सारखी आई आठवते गं.” तेव्हा कादंबऱ्यांत असलं असतंच, असं म्हणून त्यांनी विषय बदलला होता. सत्तावन्न. बासष्ट. गुरुजी काही आज दमायला तयार नव्हते.

“मी वाचू का थोडा वेळ?” त्या म्हणाल्या. “तुमचा घसा बसलाय.”

“नियम आहे, बाई,” गुरुजी म्हणाले. “आणि घसा बसला असेल तर त्यावर चहा आहे. नव्वदाव्या पानावर थांबू.”

नव्वदावं पान आलं. चहा गच्चीत ठेवला होता. काकूंनी बेकरीतून आणलेली बिस्किटं उघडली आणि सगळे खुर्च्या सरकवत बाहेर गेले. “पाय आखडलेत, आले मी,” असं म्हणून प्रूफबाई मागे राहिल्या. पुस्तक टेबलावर होतं, नकाशाच्या शेजारी.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही लपूनछपून काही केलं नव्हतं. आता त्यांनी पर्समधून खोडरबर काढलं. एकशे बारा. होताच तो शब्द तिथे, त्यांच्या नीटस अक्षरात, पुरावा म्हणून कोणी मागून घ्यावा इतका स्पष्ट. गच्चीतून भाचीचं हसू ऐकू येत होतं. त्यांनी आधी काट खोडली, मग शब्द खोडला. राहिलेली सावली दिसू नये म्हणून पुन्हा घासलं. चुरा फुंकला, पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला. तो गार झाला होता तरी त्या घटाघटा प्यायल्या. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. सुटलो, असं त्यांनी मनातल्या मनात म्हटलंसुद्धा.

सभा पुन्हा बसली. अठ्ठ्याण्णवाव्या पानावर दंतवैद्य आणि काकूंचं जुंपलं, एकशे चारवर गुरुजींचा स्वतःचाच शेरा निघाला. प्रूफबाई आता मोकळेपणानं बोलत होत्या. लेखिकेला दुपारचा उकाडा फार छान साधलाय, असंही त्या म्हणाल्या.

“एकशे अकरा, काही नाही,” गुरुजी म्हणाले. “एकशे बारा, काही नाही. एकशे तेरा...”

“थांबा, गुरुजी,” भाची म्हणाली. “एकशे बारावर आहे.”

“नाही.”

“आहे हो. आज सकाळी होतं. पिशवीत टाकण्याआधी मी आत्याच्या सगळ्या दुरुस्त्या बघितल्या, नेहमी बघते. आपल्या प्रूफबाईंनी आज कमाल केलीय.” ती सगळ्यांकडे वळली. तिच्या आवाजात कौतुक ओसंडत होतं. “लेखिका म्हणते, आतून कडी होती. पण पुढच्याच पानावर सासू धावत येते आणि दार उघडते. कडी आतून असेल तर बाहेरून कशी उघडेल? दार तोडावं लागेल ना? माझा घोळ तोच होता. तुम्ही म्हणाल, बाई विसरल्या. आत्यानं एका शब्दात सोडवलं. ‘आतून’ खोडलं आणि लिहिलं, ‘बाहेरून’. सगळं जुळलं! मुद्दाम सांगितलं नव्हतं, म्हटलं सगळ्यांसमोर तिला दाद देऊ.”

प्रूफबाईंना तेव्हा कळलं की आपल्या हाताशी केवढा सोपा बहाणा होता. पुढच्या पानाशी मेळ बसत नव्हता, म्हणून दुरुस्त केलं. एवढं एक वाक्य. तो शब्द तसाच राहिला असता तर त्यांची वाहवा झाली असती आणि चहाबरोबर विषय संपला असता. मैत्रिणीनं दोन्ही गोष्टी इमानानं लिहिल्या होत्या. कानांनी ऐकलेली एक, आतून कडीची, आणि डोळ्यांनी पाहिलेली एक, सासूनं दार उघडल्याची. त्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे तिच्या लक्षातच आलेलं नव्हतं.

गुरुजींनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. “खोडलंय खरं,” ते म्हणाले. “कागद खरवडलाय. हे कोणी केलं? सभा चालू असताना?”

दंतवैद्य काहीतरी गमतीचं बोलायला गेला, पण काकूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. भाची आत्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं.

“चहाच्या वेळी तू आत राहिली होतीस,” ती म्हणाली. “आत्या, बरोबर होतं ना तुझं?”

प्रूफबाईंनी पर्स जवळ ओढली.

“तू बरोबर दुरुस्ती कधी खोडत नाहीस. छापखान्याच्या मालकाशी भांडलीस, पण खोडली नाहीस. मग ही का खोडलीस?”

“उगीच,” प्रूफबाई म्हणाल्या. “कादंबरी आहे. म्हटलं, आपण कशाला...”

भाचीनं नकाशाकडे पाहिलं. पुढची खोली, बोळ, मागची खोली. तिचं बोट बोळातून हळूहळू पुढे गेलं आणि दारापाशी थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडत गेलेला सगळ्यांना दिसला.

“आत्या,” ती अगदी हळू म्हणाली, “आईच्या दाराला कडी कुठून होती?”

एकच शब्द म्हणायचा होता. बेचाळीस वर्षं तो त्यांनी पोलिसांना, शेजाऱ्यांना, दादाला आणि या पोरीला न अडखळता सांगितला होता. प्रूफबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द काही फुटेना.

भाचीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं नकाशाची घडी घातली, खुर्ची मागे सरकवली आणि आत्यासाठी न थांबता ती जिना उतरून गेली.